जुनी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफल एकाच चापात सगळं मॅगझिन रिकामं करू शकते का?

विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त टेक्ससमध्ये राहतात. सहकाऱ्याबरोबर ते रेंजवर गेले होते. सहकाऱ्याच्या जुन्या चिनी एसकेएस रायफलीने एकदाच चाप ओढल्यावर मॅगझिनमधली सगळी काडतुसं झाडून टाकली. सहकारी म्हणाला, "लष्करी रायफल आहे, आतून ऑटोमॅटिकच असते ही." त्याचे आजोबा कोरियाच्या युद्धात होते आणि आपली कार्बाइन मशीनगनसारखी चालायची असं ते सांगत. प्रश्न असा की त्या काळातल्या सेमी-ऑटोमॅटिक (एकदा चाप ओढला की एकच गोळी झाडणाऱ्या) रायफली खरोखरच कधी ऑटोमॅटिक चालत होत्या का, आणि ही एसकेएस त्यातलीच समजायची का?

आधी सरळ उत्तर देतो. आजोबांचं म्हणणं बहुधा खरं आहे. सहकाऱ्याचं चूक आहे, आणि ती चूक एखाद्या दिवशी कुणाचा तरी डोळा घेऊ शकते. म्हणूनच हे उत्तर लांबलंय. मी लष्करात ईएमईचा (लष्कराच्या दुरुस्ती-देखभाल शाखेचा) आर्मरर होतो. युनिटच्या कोतमधल्या (शस्त्रागारातल्या) रायफली तपासणं, झिजलेले भाग बदलणं आणि "ही चालेल" किंवा "ही चालणार नाही" असं लिहून सही करणं, हे माझं काम होतं. रायफल ऑटोमॅटिक कशी करतात ते मी कुणाला सांगत नाही, इथेही सांगणार नाही. ती आपणहून तशी वागायला लागली तर त्याचा अर्थ काय, एवढं मात्र नीट समजावून सांगतो.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत जवळजवळ सगळं काम आपोआपच होतं. गोळी नळीतून जाताना थोडा गॅस बाजूच्या छिद्रातून निघून पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या लोखंडी दट्ट्याला) मागे नेतो, रिकामी केस बाहेर फेकली जाते, हॅमर (ठोका देणारी आतली हातोडी) मागे दबतो, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, बोल्ट येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) सारतो आणि कुलूपबंद होतो. एखाद्या सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. आपलं बोट तोवर चापावर दाबलेलंच असतं, कारण इतक्या झटपट माणसाला बोट उचलताच येत नाही. मग दुसरी गोळी का उडत नाही? कारण चापाच्या यंत्रणेत एक छोटासा आकडा (हूक) असतो. मागे दबलेल्या हॅमरला तो पकडतो आणि बोट उचलेपर्यंत सोडत नाही. बोट उचललं की तो हॅमरला मुख्य सीयरच्या, म्हणजे चाप ओढल्यावरच हॅमर सोडणाऱ्या खटक्याच्या, हवाली करतो. त्या क्षणी 'टिक्' असा बारीक आवाज येतो.

तो 'टिक्' मी हजारो वेळा ऐकलाय. एसएलआरच्या (सेल्फ लोडिंग रायफल, आपल्या लष्कराची जुनी रायफल) तपासणीत रायफल पूर्ण रिकामी करायची, चाप दाबून धरायचा, कॉकिंग हँडल मागे ओढून सोडायचं आणि मग चाप अगदी सावकाश सोडायचा. 'टिक्' आलं आणि पुन्हा चाप ओढल्यावर हॅमर पडला, तर आकडा आपलं काम करतोय. चाप दाबलेला असतानाच हॅमर बोल्टबरोबर पुढे गेला, तर रायफल बाजूला, वर लाल चिठ्ठी. लष्करातल्या प्रत्येक सेल्फ लोडिंग रायफलीची एका अर्थी हीच खरी परीक्षा असते. तिला गोळ्या झाडायला शिकवावं लागत नाही, दर गोळीनंतर थांबायला शिकवावं लागतं.

हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं आहे. जुन्या रायफली ऑटोमॅटिक चालल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्या दोन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत. काही रायफलींना सैन्याने जाणूनबुजून तसं बनवलं. काहींचं थांबणं बिघडलं.

सैन्याने बनवलेल्यांपासून सुरुवात करू, कारण आजोबा तिथे भेटतील. अमेरिकेची एम१ कार्बाइन १९४१ मध्ये स्वीकारली गेली. वजन सुमारे २.४ किलो. रायफलपेक्षा हलकं आणि पिस्तुलापेक्षा लांबवर मारणारं काहीतरी ड्रायव्हर, सिग्नलवाले, तोफखान्याचे जवान, अधिकारी यांच्या हातात असावं, असा विचार होता. मूळ मागणीत एकेक आणि सलग असा दोन्ही प्रकारचा मारा होता, तो घाईत वगळला गेला. दुसरं महायुद्ध चालू असतानाच मागणी पुन्हा वर आली आणि १९४४ च्या अखेरीस सिलेक्टर (एकेक की सलग मारा ते ठरवणारी कळ) असलेली एम२ कार्बाइन आली. तिच्याबरोबर ३० काडतुसांचं वाकडं मॅगझिन आलं, आणि जुन्या एम१ ला एम२ करण्यासाठी लागणारे भाग खुद्द सैन्यानेच पुरवले. मिनिटाला सुमारे ७५० चा वेग. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) ही एम२ मोठ्या प्रमाणावर होती. म्हणजे आजोबांची कार्बाइन मशीनगनसारखी चालत असेल तर ती एम२ असणार. ती हातात घेतलेला त्यांचा तरुणपणीचा फोटो घरात असेल तर रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याची) डावी बाजू पाहा. एम२ चा सिलेक्टर तिथेच असतो. नुसत्या वाकड्या मॅगझिनवरून ठरवू नका, ते एम१ लाही बसतं.

कार्बाइनला सलग मारा झेपला, कारण तिचं काडतूस लहान, सुमारे १,३०० जूल ऊर्जेचं. त्याच अमेरिकेची मुख्य रायफल एम१ गारँड ३०-०६ चं काडतूस झाडायची, सुमारे ३,६०० जूल. जवळजवळ पावणेतीन पट. गारँडमध्ये आठ काडतुसांची क्लिप असते. मिनिटाला ७०० च्या वेगाने ती पाऊण सेकंदाच्या आत संपेल, आणि पहिली गोळी निशाण्यावर लागली तरी तिसरी झाडाच्या शेंड्यावर जाईल. तरीही प्रयत्न झाले. जॉन गारँड यांनी स्वतःच १९४४ पासून स्प्रिंगफील्ड आर्मरीत टी२० नावाच्या प्रायोगिक रायफली बनवल्या. त्यांत सिलेक्टर होता, २० काडतुसांचं मॅगझिन होतं, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक होता. युद्ध संपलं आणि मोठ्या उत्पादनाचा बेत बारगळला. त्याच वाटेने पुढे १९५७ मध्ये एम१४ स्वीकारली गेली, आणि इटलीत बेरेटाने गारँडवरूनच बीएम५९ काढली. दोन्हींत सलग मारा होता. एम१४ चा अनुभव मात्र बोलका आहे. सलग मारा हाताबाहेर जातो म्हणून बहुतेक जवानांना दिलेल्या एम१४ चा सिलेक्टर काढून एकेक माऱ्यावरच पक्का केलेला असायचा. आज कुणी छातीठोकपणे म्हणाला की "आमच्या गारँडला ऑटोमॅटिक बटण होतं", तर तो बहुतेक एम१४ बद्दल बोलतोय. लांबून पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी दिसतात.

रशियनांची कथा मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. सिमोनोव्ह यांची एव्हीएस-३६ ही मुळातच सलग मारा करणारी रायफल होती, पण नाजूक. तिच्या जागी तोकारेव्ह यांची एसव्हीटी आली, आधी ३८ आणि मग सुधारलेली ४०. ही सेमी-ऑटोमॅटिक. जर्मन आक्रमणानंतर लाल सैन्याकडे हलक्या मशीनगनींचा भयंकर तुटवडा पडला. तेव्हा १९४२ मध्ये त्याच एसव्हीटीची सलग मारा करणारी बहीण, एव्हीटी-४०, काढली गेली. बाहेरून जवळजवळ तशीच. सेफ्टीची कळच माऱ्याचा प्रकारही ठरवायची. मॅगझिन मात्र तेच दहा काडतुसांचं, नळी तीच सडपातळ, आणि वजन ४ किलोच्या आसपास. मोसिन-नगांत या जुन्या रशियन बोल्ट रायफलीचं पूर्ण ताकदीचं काडतूस तिच्यातून सलग झाडायचं म्हणजे एका सेकंदाच्या आत मॅगझिन रिकामं आणि खांदा बधिर. भाग तुटत, नेम राहत नसे. सलग माऱ्याचा वापर निकडीपुरता ठेवण्याची वेळ आली आणि वर्षभरातच उत्पादन आटोपलं. मशीनगनचं काम रायफलीवर टाकलं की काय होतं, हे रशियनांनी ऐन युद्धात, रक्त सांडून तपासून पाहिलं.

याचा एक उपद्रव आजच्या संग्राहकांना होतो. युद्धानंतर या रायफली कारखान्यात दुरुस्त झाल्या, तेव्हा एव्हीटीचे लाकडी दस्ते सरसकट एसव्हीटीला बसवले गेले. दस्त्यावर मोठा 'ए' ठोकलेला असतो, कळीसाठी रुंद खाच असते, आणि आत साधी एसव्हीटी. मालकाला वाटतं आपल्या हाती घबाड लागलं. लाकूड पाहून रायफल ओळखू नये, यंत्रणा पाहून ओळखावी.

चिनी मालाबाबतही असाच घोटाळा होतो. चीनने एसकेएसची नक्कल टाइप ५६ कार्बाइन म्हणून केली. १९६२ मध्ये नेफात (आजच्या अरुणाचलात) आपल्या जवानांसमोर हीच होती, आणि आपल्या हातात बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री. पुढे चीनने टाइप ६३ नावाची रायफल काढली. ती दिसायला एसकेएसच्या वळणाची, पण आतून वेगळी, २० काडतुसांच्या मॅगझिनची आणि सलग मारा करणारी. तुमच्या सहकाऱ्याकडे ती असण्याचा संभव फार कमी. दहा काडतुसांचं पक्कं मॅगझिन, ते भरायला दहाची पट्टी, खाली घडी होणारी संगीन, आणि सेफ्टीला फक्त दोन जागा, असं असेल तर ती साधी एसकेएस. तिच्या आराखड्यात सलग मारा नाहीच.

आपल्याकडच्या एसएलआरबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण निवृत्त फौजींच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. बेल्जियमची एफएएल मुळात सलग मारा करू शकणारी. ब्रिटिशांनी ती एल१ए१ म्हणून घेताना चेंज लिव्हरला सेफ आणि एकेक मारा अशा दोनच जागा ठेवल्या. काडतुसांची नासाडी नको आणि नेम धरून मारणारा जवान हवा, हे त्यामागचं धोरण. ईशापूरला बनलेल्या आपल्या १ए१ मध्येही तेच. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात एका बाजूला सलग मारा असलेली एफएएल आणि दुसऱ्या बाजूला नसलेली एल१ए१ अशी समोरासमोर आली. नुसत्या सिलेक्टरने लढाई जिंकता येत नाही एवढं तिथे दिसलं. पण ही नाण्याची एकच बाजू, हेही मी मानतो. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या आपल्या जवानांना झाडीत, वीस-तीस पावलांवर एके-४७ ला तोंड द्यावं लागलं, तेव्हा लांबलचक एसएलआर आणि एकेक गोळी ही अडचण होती. ईशापूरने सलग मारा करणारी १सी पण काढली, पण ती बीएमपी या चिलखती गाडीच्या भोकांतून झाडण्यासाठी. तिथे रायफलीला गाडीचा आधार मिळतो, खांद्यावर भिस्त नसते.

आता बिघाडांकडे येतो. तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

पहिला बिघाड वर सांगितलेल्या आकड्याचा. तो किंवा हॅमरवरची त्याची पकड झिजली की कधीतरी हॅमर सुटतो आणि एका चापात दोन गोळ्या जातात. गारँडमध्ये याला आणखी एक कारण असतं, जे बंदूक हातात घेऊनही अनेकांना ठाऊक नसतं. तिचा चापाचा सगळा गट ट्रिगर गार्डच्या दाबाने, मधल्या लाकडाला चिमटीत धरून, रिसीव्हरला घट्ट बसतो. ऐंशी वर्षांत लाकूड सुकतं, दबतं, तेल पिऊन मऊ होतं. पकड सैल झाली की हॅमर आणि सीयर यांच्यातली अंतरं बदलतात. लोखंड शाबूत असूनही रायफल 'डबल' करायला, म्हणजे एका चापात दोन गोळ्या झाडायला, लागते. लोक सीयर बदलत बसतात आणि दोष दस्त्यात असतो. पण माझ्या पाहण्यात झिजेपेक्षा जास्त वेळा कारण निघालंय ते हौशी हाताचं. चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी आतल्या कडा घासलेल्या असतात. त्या भागांना वरून पातळ कडक थर असतो. तो घासला गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि थोड्याच फैरींत गोल होतं. चाप त्या दिवशी लोण्यासारखा वाटतो खरा.

अशा बिघाडात सलग मारा सहसा लांबत नाही. हॅमर बोल्टच्या मागोमाग पुढे गेला तर त्याचा जोर बोल्टला ढकलण्यातच खर्च होतो आणि फायरिंग पिनला (हॅमरचा ठोका काडतुसापर्यंत पोचवणाऱ्या सुईला) हलकीशी टिचकी बसते. बहुतेक वेळा काडतुसाच्या मागच्या टोपीवर (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या प्रायमरवर) नुसता ओरखडा उमटतो, फायर होत नाही. म्हणूनच नीट ऑटोमॅटिक चालणाऱ्या शस्त्रात बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच हॅमर सोडणारी वेगळी यंत्रणा लागते. सेमी-ऑटोमॅटिक बिघडली म्हणून ती ऑटोमॅटिक होत नाही. ती बेभरवशाची होते. दोन गोळ्या, मग एक, मग मिसफायर, मग तीन.

दुसरा बिघाड फायरिंग पिनचा. तुमच्या एसकेएसचं दुखणं मला इथेच दिसतं. एसकेएसची पिन बोल्टच्या आत मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. अगदी सुरुवातीच्या रशियन एसकेएसमध्ये स्प्रिंग होती, पुढे ती काढली. गारँड आणि एम१४ ची पिनही मोकळीच. एसटीने करकचून ब्रेक लावला की उभा प्रवासी जसा पुढे फेकला जातो, तशी बोल्ट पुढे येऊन आपटला की ही पिन पुढे सरकते आणि काडतुसाच्या टोपीला टेकते. न झाडलेलं काडतूस बाहेर काढून पाहिलंत तर टोपीवर बारीक ठिपका दिसेल. ते नेहमीचंच आहे. पिन स्वच्छ, हलकी आणि मोकळी असेल आणि टोपी लष्करी कडकपणाची असेल, तर तो ठिपका ठिपकाच राहतो.

आता विचार करा, हीच रायफल कुठून आली? कुठल्याशा गोदामात कॉस्मोलिन नावाच्या जाड ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं बुडवून ठेवलेली. दुकानातून आणल्यावर मालकाने नळी पुसली, लाकूड चकचकीत केलं, पण बोल्ट उघडला नाही. आतलं ग्रीस सुकून गोंदासारखं झालंय. पहिल्या गोळीला हॅमरने पिन पुढे ठोकली, ती पुढेच अडकली. आता पिनचं टोक बोल्टच्या तोंडातून बाहेर आलेलं आहे. बोल्ट पुढचं काडतूस घेऊन आपटला की फायर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा फायर. चाप सोडा, सेफ्टी लावा, काहीही करा, मॅगझिन संपेपर्यंत ती थांबत नाही, कारण चापाचा आणि हॅमरचा या खेळाशी संबंधच उरलेला नाही. याला स्लॅम फायर म्हणतात. ग्रीसऐवजी गंजाने, तुटलेल्या पिनेच्या तुकड्याने किंवा टोपीच्या धातूच्या कचऱ्यानेही हेच होतं.

दोन्ही बिघाड वेगळे कसे ओळखायचे? सहकाऱ्याला एवढंच विचारा: बोट उचलल्यावर मारा थांबला की चालूच राहिला? बोट उचलताच थांबला असेल तर दोष चापाच्या गटात शोधा. बोट उचलूनही चालू राहिला असेल तर पिन किंवा काडतूस. तुमच्या वर्णनात दहाही गोळ्या न अडता गेल्या. त्यामुळे माझा कौल पिनेकडे.

काडतुसाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक फसतात. लष्करी काडतुसाच्या टोपीची संवेदनशीलता दोन्ही बाजूंनी मोजली जाते. ठरलेलं वजन एका उंचीवरून पडलं तर ती फुटलीच पाहिजे, आणि दुसऱ्या, कमी उंचीवरून पडलं तर फुटता कामा नये. आपल्याकडे खडकी किंवा वरणगावच्या कारखान्यात लहान हत्यारांची काडतुसं बनतात, तिथे काम केलेल्या माणसाला विचारा, टोपीच्या चाचणीत किती काटेकोरपणा असतो ते तो सांगेल. शिकारीच्या बाजारी काडतुसाची गरज वेगळी. ते हलक्या पिनच्या बोल्ट रायफलीतही हमखास उडालं पाहिजे, म्हणून त्याची टोपी मऊ असते. मऊ टोपी आणि मोकळी जड पिन हा संयोग वाईट. फ्रान्सच्या एमएएस ४९ चं याबाबत संग्राहकांत नाव झालेलं आहे. घरी पुन्हा भरलेल्या काडतुसात टोपी केसच्या पातळीच्या वर राहिली असेल, तर पिनचीही गरज नाही, बोल्टच तिला चेचतो. गारँडसाठी आणखी एक सूचना: चेंबरमध्ये हाताने एक काडतूस ठेवून त्यावर बोल्ट सोडू नये. क्लिपमधून काडतूस ओढून घेताना बोल्टचा वेग थोडा मंदावतो. रिकाम्या वाटेने तो पूर्ण वेगाने येऊन आदळतो.

एसएलआरमध्ये असं मी जवळजवळ पाहिलंच नाही, कारण तिच्या पिनला मागे ढकलणारी स्प्रिंग आहे. किती स्वस्त भाग आहे तो, आणि केवढं काम करतो.

आणखी दोन कारणं आटोपतो. सतत झाडून चेंबर तापलं तर काडतूस नुसत्या उष्णतेने उडू शकतं. त्यासाठी बऱ्याच फैरी लागतात आणि दहा काडतुसांच्या रायफलीत एवढा ताप सहसा चढत नाही. जर्मनांच्या एफजी ४२ मध्ये याचा सुंदर विचार केलेला दिसतो. एकेक मारताना तिचा बोल्ट बंद स्थितीतून चालतो म्हणजे नेम हलत नाही, आणि सलग मारताना उघड्या स्थितीतून चालतो म्हणजे थांबल्यावर चेंबरमध्ये हवा खेळते. दुसरं कारण माणूस. रायफल बाकावर टेकवून, खांद्याला सैल धरून, हलक्या चापावर बोटाचं नुसतं टोक ठेवलं तर धक्क्याने रायफल मागे जाऊन पुढे येते आणि बोट नकळत दुसऱ्यांदा चाप ओढतं. मालक शपथेवर सांगतो की मी एकदाच ओढला. तो खोटं बोलत नसतो, त्याला कळलेलंच नसतं. रायफल घट्ट धरून दोन क्लिप मारल्या की खुलासा होतो.

आता डोळ्याचा मुद्दा. पिन पुढे अडकलेली असताना काडतूस नेमकं कधी फुटेल यावर कुणाचाच ताबा नसतो. बोल्ट पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्यावर फुटलं तर नुसती गोळी जाते. कुलूप लागायच्या क्षणभर आधी फुटलं तर केसला मागून आधार नसतो. पितळ फाटतं, हजारो पौंडांचा दाब मागे येतो, रिसीव्हरचं झाकण उडतं, दस्ता चिरतो, आणि नेम धरलेल्या माणसाचा गाल आणि डोळा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतात. गारँडमध्ये बोल्ट फिरून बंद होईपर्यंत पिनची शेपटी अडवणारी कड रिसीव्हरमध्येच आहे, पण तीही झिजते. सहकाऱ्याच्या रायफलीच्या दहाही गोळ्या कुलूप लागल्यावर फुटल्या, हे त्याचं नशीब. अकराव्याची खात्री मी देणार नाही. बाजूला उभ्या असलेल्यालाही धोका आहे, कारण धक्क्याने नळी वर वर चढत जाते आणि शेवटच्या गोळ्या मातीच्या बांधावरून पलीकडे जातात.

कायद्याचंही बघा. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यात, चापाच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या आपोआप झाडणारं शस्त्र म्हणजे मशीनगन अशी व्याख्या आहे. १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपलं शस्त्र तसं चालतं हे मालकाला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. आता तुमच्या सहकाऱ्याला माहीत झालंय, साक्षीदारांसमोर. गंमत म्हणून तो पुन्हा तीच रायफल घेऊन रेंजवर गेला तर "मला कल्पना नव्हती" असं म्हणायची सोय राहणार नाही. भारतात तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, चाप दाबलेला असेपर्यंत किंवा मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या झाडत राहणारं शस्त्र थेट निषिद्ध शस्त्रांत मोडतं.

सहकाऱ्याने करायचं ते असं. पुन्हा कधी असा मारा सुरू झाला तर नळी बांधाकडेच दाबून धरायची, रायफल टाकायची नाही, वळायचं नाही, मॅगझिन संपू द्यायचं. थांबल्यावर अर्धा मिनिट तशीच धरून ठेवायची, मग बोल्ट उघडून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचं. मग रायफल रिकामी करून थेट बंदुकांच्या कारागिराकडे. तो बोल्ट पूर्ण सोडवून, पिन बाहेर काढून, तिचं भोक साफ करून, टोक वाकलं-झिजलंय का ते पाहील. साफ केलेला बोल्ट कानाजवळ धरून हलवला की आतली पिन खडखडली पाहिजे. टोक वर-खाली केलं की ती नुसत्या वजनाने मागे-पुढे सरकली पाहिजे. सरकली नाही, तर काम झालेलं नाही. पिनमागे स्प्रिंग असलेला बदली भाग एसकेएससाठी मिळतो, तो बसवून घेतला तर उत्तम. चापाचा गटही त्याच फेरीत तपासून घ्यावा, घासून नव्हे, झिजलेला भाग बदलून.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मॅगझिन भरायचं नाही. आधी एक काडतूस, तेही मॅगझिनमधून चढवून. मग दोन. दोन भरल्यावर एका चापात एकच गेली आणि दुसरी चेंबरमध्ये शांत राहिली, असं बऱ्याचदा झालं की तीन. प्रत्येक वेळी न झाडलेलं एखादं काडतूस काढून टोपीवरचा ठिपका बघायचा. ठिपका खोल होत चालला असेल तर तिथेच थांबायचं आणि काडतुसाचा तो डबा बदलायचा.